गेमिंग लॅपटॉप डेस्कटॉपची जागा घेईल का? घेण्याआधी आणि घेतल्यावर काय तपासायचं

टेबलावरचा जडशीळ डबा काढून टाकायचा आणि तिथे एक दणकट गेमिंग लॅपटॉप आणायचा, हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येऊन जातो. गेम, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, कोडिंग सगळं एकाच यंत्रावर, आणि हवं तेव्हा ते बॅगेत टाकून निघायचं. जमतं का? जमतं. पण जमेल की नाही हे जाहिरातीतल्या तक्त्यावरून कळत नाही. तक्त्यात चिपचं नाव असतं. तुमचं काम मात्र त्या चिपला सलग किती वॅट मिळतात, आणि अर्ध्या तासानंतरही तेवढेच मिळतात का, यावर चालणार असतं. पहिल्यांदाच असा लॅपटॉप घेत असाल तर निवडीपासून पहिल्या आठवड्याच्या चाचण्यांपर्यंत सगळं याच नजरेनं बघा.

सुरुवात: हा लॅपटॉप टेबलावरून उठणार किती वेळा?

वर्षातून दोनदा, असं प्रामाणिक उत्तर असेल तर डेस्कटॉपच घ्या. तेवढ्याच पैशात जास्त ताकद मिळते, आवाज कमी होतो आणि तीन वर्षांनी नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलून भागतं. फिरताना फक्त मेल, लिखाण आणि अधूनमधून गेम एवढंच लागत असेल, तर तिसरा मार्गही आहे. घरी डेस्कटॉप ठेवायचा, सोबत हलका साधा लॅपटॉप न्यायचा आणि मूनलाइटसारख्या प्रोग्रॅमनं घरच्या यंत्रावरचा गेम त्यावर बघत खेळायचा. नेट चांगलं असेल तर हे फार छान चालतं. कुणी सुचवत मात्र नाही.

उरले ते ज्यांचा मुक्काम खरोखर दोन ठिकाणी विभागलेला असतो. होस्टेल आणि घर, ऑफिस आणि घर, किंवा शूटिंगची जागा आणि एडिटिंगचं टेबल. अशांसाठी शक्तिशाली लॅपटॉप योग्य आहे. फक्त एक लक्षात असू द्या. १६ इंची लॅपटॉप साधारण अडीच किलोचा, १८ इंची तीन किलोंच्या वर, आणि अ‍ॅडाप्टर वेगळा. मोठे अ‍ॅडाप्टर किलोभराच्या घरात जातात. 'नेता येतो' आणि 'रोज नेता येतो' यांत खांद्याला कळेल इतका फरक आहे.

नाव एकच, चिप वेगळी

२०१६ साली एनव्हिडियानं जीटीएक्स १० मालिका आणली तेव्हा लॅपटॉपच्या कार्डांच्या नावामागचं 'एम' हे अक्षर काढून टाकलं. ते तेव्हा रास्त होतं. लॅपटॉपच्या जीटीएक्स १०८० मध्ये डेस्कटॉपइतकेच २,५६० कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) होते. पुढे डेस्कटॉपची कार्डं वीज खात सुटली. लॅपटॉपच्या जाडीला मर्यादा होती, त्यामुळे दरी वाढत गेली. आकडा मात्र दोन्हीकडे तोच राहिला.

आज स्थिती अशी आहे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) आहे, आणि ते ४५० वॅट घेतं. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर, १६ जीबी व्हीरॅम, आणि वीज जास्तीत जास्त १७५ वॅटच्या आसपास. ५०९० ची तीच कथा: डेस्कटॉपवर २१,७६० कोअर, ३२ जीबी, ५७५ वॅट, लॅपटॉपवर १०,४९६ कोअर आणि २४ जीबी. नाव सोनूबाई म्हणावं तशी गत. कथलाचा वाळा म्हणणं मात्र अन्यायाचं होईल, कारण लॅपटॉपचं ४०९० हे स्वतःच्या जागी जबरदस्त कार्ड आहे. फक्त त्याची बरोबरी त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डाशी लावू नका.

गंमत म्हणजे खालच्या पायऱ्यांवर ही दरी बुजत जाते. आरटीएक्स ४०६० चे कोअर लॅपटॉपवर आणि डेस्कटॉपवर सारखेच, ३,०७२, आणि व्हीरॅमही दोन्हीकडे ८ जीबी. म्हणजे 'लॅपटॉपचं कार्ड निम्मंच असतं' हा नियम नाही. जितकं वरचं कार्ड तितकी दरी मोठी. मधल्या ४०७० ला मात्र लॅपटॉपवर ८ जीबी व्हीरॅम आहे आणि डेस्कटॉपवर १२. नवे गेम १४४०पी वर भारी टेक्श्चर लावून खेळायचे असतील, तर ८ जीबी लवकर अपुरी पडते, आणि लॅपटॉपमध्ये ती कधीच वाढवता येत नाही. चार-पाच वर्षं डेस्कटॉपच्या जागी वापरायचं यंत्र असेल तर १२ जीबीच्या खाली उतरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हीरॅम भरली की गेम नुसता सावकाश होत नाही, अडखळत चालतो, आणि ते जास्त त्रासदायक असतं.

तक्त्यात टीजीपी शोधा

टीजीपी म्हणजे ग्राफिक्स चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा. लॅपटॉपची आरटीएक्स ४०६० ही ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवायची मुभा कंपन्यांना आहे. म्हणजे दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर असू शकतं आणि एक दुसऱ्यापेक्षा खूपच मागे राहू शकतो. २०२१ पासून बऱ्याच कंपन्या हा आकडा छापतात, पण तो पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असतो. '११५ अधिक २५ वॅट' असं लिहिलेलं दिसलं तर त्यातले २५ हे डायनॅमिक बूस्टचे. प्रोसेसर निवांत असतो तेव्हा त्याच्या वाट्याचे वॅट ग्राफिक्सकडे वळवतात. प्रोसेसर कामाला लागला की ते परत जातात. त्यामुळे खात्रीचा आकडा पहिला.

जितके वॅट जास्त तितकं चांगलं, असंही सरसकट नाही. ४०६० आणि ४०७० मध्ये १०० वॅटच्या पुढे फारसं काही हाती लागत नाही. ४०८० आणि ४०९० ला मात्र १५० च्या वरचे वॅटही कामाला येतात. आकडा कुठेच सापडला नाही तर तो सांगण्यासारखा नाही असं समजा आणि पुढच्या मॉडेलकडे वळा.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. डेस्कटॉपच्या जागी घ्यायचा असेल तर नावाच्या शेवटी 'एचएक्स' असलेली मालिका बघा. या चिप मुळात डेस्कटॉपच्याच घडणीच्या असतात. कोअर आय९-१४९००एचएक्स मध्ये २४ कोअर आहेत, रायझन ९ ७९४५एचएक्स मध्ये १६. नुसते गेम खेळणाऱ्याला यातले निम्मे कोअरही पुरतात. रेंडरिंग, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं, व्हिडिओ एक्सपोर्ट हे करणाऱ्यांनीच यावर पैसे घालावेत. वाचलेले पैसे व्हीरॅमवर घाला.

रॅम आणि एसएसडी: नंतर बदलता येतील का?

डेस्कटॉपमध्ये सगळंच बदलता येतं. लॅपटॉपमध्ये बहुधा रॅम आणि एसएसडी एवढंच, आणि तेही बोर्डाला डकवलेलं नसेल तर. एलपीडीडीआर असं लिहिलेली रॅम बहुतेक वेळा बोर्डावर कायमची बसवलेली असते. जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा सोडिम स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी काढता-घालता येईल अशा खाचा, असतात. स्लॉट दोन असतील तर दोन्ही भरलेले आहेत ना, हे विचारा. एकच पट्टी असेल तर मेमरीचा वेग निम्म्यावर येतो आणि गेममध्ये तो फरक जाणवतो. आज ३२ जीबी हा समाधानकारक आकडा आहे. एम.२ चे, म्हणजे एसएसडी बसवायचे, दोन स्लॉट असणं ही मोठी सोय आहे, कारण दुसरी एसएसडी लावणं स्क्रू फिरवण्याइतकं सोपं असतं. मागचं झाकण उघडल्यानं वॉरंटी जाते का, हे आधीच लेखी विचारून घ्या.

चित्र स्क्रीनपर्यंत कुठून जातं?

नवख्यांना हा भाग कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरमधलं साधं, दुसरं वेगळं शक्तिशाली. बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन पुष्कळदा साध्या ग्राफिक्सला जोडलेली असते. म्हणजे भारी कार्ड फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, तयार करतं, ती साध्याकडे सोपवतं आणि ते स्क्रीनवर टाकतं. या वळशात फ्रेम वाया जातात. 'मक्स स्विच' असेल तर हा वळसा बंद करून स्क्रीन थेट भारी कार्डाला जोडता येते. काही मॉडेलमध्ये त्यासाठी रीस्टार्ट करावं लागतं. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस असेल तर रीस्टार्टशिवाय होतं. यांतलं एक तरी असलंच पाहिजे.

टेबलावर बाहेरचा मॉनिटर लावणार असाल, आणि डेस्कटॉपच्या जागी वापरायचा तर लावाच, तर प्रश्न पोर्टचा येतो. एचडीएमआय बहुतेक वेळा थेट भारी कार्डाला जोडलेलं असतं. यूएसबी-सीचं काही सांगता येत नाही. एकाच लॅपटॉपवरचे दोन यूएसबी-सी पोर्ट दोन वेगळ्या ग्राफिक्सना जोडलेले असू शकतात. हे तपासायची सोपी युक्ती आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या सेटिंगचं पान उघडा. तिथल्या आकृतीत कुठला डिस्प्ले कुठल्या चिपखाली आहे ते दिसतं. मॉनिटर एकेका पोर्टला लावून बघा, भारी कार्डाखाली दिसणारा पोर्ट सापडला की त्यावर छोटा ठिपका लावून ठेवा. रोज केबल लावताना हायसं वाटेल.

डॉक, म्हणजे एका केबलनं लॅपटॉपला जोडायचा पोर्टचा डबा, याच्या बाबतीत सावध राहा. एका केबलमध्ये कीबोर्ड, माऊस, नेट आणि मॉनिटर हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण डिस्प्लेलिंकवर चालणारे डॉक चित्र प्रोसेसरकडून दाबून घेऊन मग पाठवतात. ऑफिसच्या कामाला ते ठीक आहेत, गेमला नाहीत. मॉनिटर थेट लॅपटॉपला आणि बाकीचं डॉकला, ही वाटणी सगळ्यात कमी कटकटीची.

चार्जिंगचंही तसंच. यूएसबी-सीवरून लॅपटॉप चार्ज होतो याचा अर्थ तो पूर्ण ताकदीनं चालतो असा नाही. यूएसबी पॉवर डिलिव्हरीचं नवं मानक २४० वॅटपर्यंत जातं खरं, पण पुष्कळ गेमिंग लॅपटॉप त्या पोर्टवरून १०० किंवा १४० वॅटच घेतात. सोबत आलेला ३३० वॅटचा अ‍ॅडाप्टर त्याचसाठी असतो. प्रवासात मेल बघायला छोटा चार्जर चालेल, टेबलावर मोठाच लावा.

आणि बॅटरीवर गेम? एक साधा हिशेब करा. विमानात नेण्याच्या नियमांमुळे मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही १०० वॅट-अवरच्या आत ठेवतात. यंत्र २५० वॅट खात असेल तर ती जेमतेम २४ मिनिटं पुरेल. म्हणून बॅटरीवर गेलं की यंत्र आपणहून वॅट कापतं. या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे वीज गेल्यावर काम जतन करायला मिळालेला अवधी. त्या दृष्टीनं ती उत्तम आहे. डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस घ्यावा लागतो.

हातात आल्यावर: चाचण्यांचा क्रम

खोका, थर्माकोल, पिशव्या सगळं जपून ठेवा आणि परत करायची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा. विंडोज, बायोस आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. अपडेट डाउनलोड होत असताना केलेल्या चाचणीला अर्थ नसतो, म्हणून ते संपू द्या. मग मोठा अ‍ॅडाप्टर लावून, सपाट टेबलावर, परफॉर्मन्स मोडमध्ये सुरुवात करा. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम लावून फक्त सेन्सरची खिडकी उघडी ठेवा. तिथे प्रोसेसरचे वॅट, ग्राफिक्सचे वॅट, दोघांचं तापमान, सगळं ओळीनं दिसतं.

आधी प्रोसेसर एकटा. सिनेबेंच या प्रोसेसर तपासणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी लावा. सुरुवातीला प्रोसेसर १४०-१५० वॅटवर उसळी मारेल आणि मग खाली येऊन एका आकड्यावर स्थिरावेल. स्थिरावलेला आकडा खरा. उसळीचा आकडा जाहिरातीसाठी. या चिप ९५ ते १०० अंशांना शिवतात, त्याला घाबरू नका, त्या तशाच बनवलेल्या आहेत. बघायचं ते हे, की तापमान तिथे असताना वॅट टिकतात की घसरत जातात. एका जातीचे (मोठे किंवा छोटे) बाकीचे कोअर ८० अंशांवर आणि एकच ९८ वर असेल, तर पेस्ट (चिपवरची उष्णता पुढे नेणारा लेप) किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नीट बसलेलं नाही अशी शंका घ्या.

मग ग्राफिक्स. थ्रीडीमार्कची टाइम स्पाय स्ट्रेस टेस्ट तोच सीन २० वेळा चालवते आणि फ्रेमचा वेग किमान ९७ टक्के टिकला तर उत्तीर्ण करते. ती चालू असताना सेन्सरमध्ये ग्राफिक्सचे वॅट बघा. तक्त्यात १७५ लिहिलंय आणि इथे १२० च्या वर जात नसेल, तर मोड, अ‍ॅडाप्टर आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सेटिंग पुन्हा तपासा. तरीही तेच असेल तर परतीचं कारण मिळालं.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची, कारण डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे पंखे वेगळे असतात, लॅपटॉपमध्ये एकाच हीटसिंकवर दोघांचा संसार असतो. तुम्ही खेळता तो गेम, तुमच्या मॉनिटरवर, अर्धा तास सलग चालवा. पाचव्या मिनिटाला गेममधल्या एका ठरावीक जागी उभं राहून फ्रेमचा आकडा लिहा. तिसाव्या मिनिटाला त्याच जागी येऊन पुन्हा लिहा. पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर यंत्र चांगलं आहे. पंधरा टक्के पडला असेल तर हे यंत्र तुम्हाला जेवढ्याला विकलं तेवढं नाही. गेमऐवजी एडिटिंग करत असाल तर एक लांब एक्सपोर्ट लागोपाठ दोनदा करा आणि वेळ ताडून बघा.

याच अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट बघून घ्या. खेळायला बसताना बॅटरी १०० टक्के होती का, आणि उठताना किती आहे? अ‍ॅडाप्टर लावलेला असूनही ती उतरली असेल, तर अ‍ॅडाप्टर कमी पडतोय आणि उरलेली भूक बॅटरीवर भागतेय. दोन-चार टक्के चालतील. वीस टक्के उतरणं म्हणजे दोन वर्षांत बॅटरीचं वाटोळं.

मग कान. पूर्ण वेगातल्या पंख्यांचा आवाज ५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि तो तीन फुटांवरच्या डब्यातून येत नाही, तर थेट तुमच्या समोरून येतो. शांत खोलीत, हेडफोन न लावता बसून बघा. असह्य वाटला तर मधला मोड लावा आणि फ्रेम ठरावीक आकड्यावर बांधा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर २०० फ्रेम काढून उपयोग नसतो, उगाच पंखे ओरडतात. मधल्या मोडमध्येही तुमचा गेम नीट चालत असेल तर तुम्ही योग्य यंत्र घेतलंय. फक्त पूर्ण परफॉर्मन्स मोडमध्येच चालत असेल तर तुम्ही एक पायरी खालचं घेतलंय. घरात दुसरं कुणी झोपलेलं असताना हे फार लवकर कळतं.

राहिलेल्या बारीक चाचण्या पटापट उरकतात. काळ्या आणि पांढऱ्या स्क्रीनवर मेलेले पिक्सेल बघा. रात्री झाकण मिटवून झोपवा आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते बघा. विंडोजची नवी झोप पद्धत यंत्राला पूर्ण झोपू देत नाही, त्यामुळे बॅगेत घालण्याआधी हायबरनेट करायची सवय लावा. ऑडिओचं काम करत असाल तर लेटन्सीमॉन अर्धा तास चालवा. ड्रायव्हरमुळे आवाज तुटत असेल तर तिथे दिसेल.

टेबलावर बसवताना

झाकण मिटवून ठेवू नका. अनेक लॅपटॉप थोडी हवा कीबोर्डमधून ओढतात, आणि मागची गरम हवा बिजागरापाशी स्क्रीनच्या खालच्या कडेला लागते. उघडा ठेवा, दुसरी स्क्रीन म्हणून वापरा. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचललीत तरी तापमानात काही अंशांचा फरक पडतो. त्यासाठी पंखेवाला महाग स्टँड लागतोच असं नाही. मागे भिंत चिकटू देऊ नका. कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्या, कारण तासाभरानं डाव्या बोटांखालच्या कळा गरम होतात.

कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के किंवा त्याहून खाली ठेवायचा पर्याय असतो. कायम प्लगला असलेल्या यंत्रावर तो चाचण्या झाल्या की लगेच चालू करा. पूर्ण भरलेली आणि सतत गरम राहणारी बॅटरी लवकर म्हातारी होते आणि कधी कधी फुगते. सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला किंवा टचपॅड वर आल्यासारखा वाटला, तर दाबून बसवायच्या भानगडीत पडू नका. बंद करा, चार्जर काढा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.

धूळ हा उरलेला शत्रू. सहा महिन्यांनी मागच्या जाळ्यांमध्ये टॉर्च मारून बघा. झाकण उघडून साफ करणार असाल तर हवा मारताना पंख्याची पाती बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. पहिल्या आठवड्यातले आकडे, म्हणजे स्थिरावलेले वॅट, तापमान, तिसाव्या मिनिटाच्या फ्रेम, एका फाइलमध्ये लिहून ठेवलेले असू द्या. वर्षानं तीच चाचणी करा. वॅट घसरलेले दिसले आणि धूळ काढूनही वर आले नाहीत, तर पेस्ट बदलायची वेळ झाली. आतमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) असेल तर ते काम स्वतः करू नका. ते विजेचं वाहक असतं, आणि एक थेंब बोर्डावर सांडला तर बोर्डच बदलावा लागू शकतो.